अनुभव धागा: आपल्या गल्लीतली वाहतूक – कशानं फरक पडला, काय फसलं?

जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, शाळांत शपथा होतात. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की फलकही उतरतात. हा धागा उरलेल्या अकरा महिन्यांसाठी. सोलापुरात आणि आसपास गल्ली, शाळा, वस्ती, कारखान्याचा रस्ता यांवर ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय, त्यांनी लिहावं. अटी दोनच: मापं द्या, आपबीती नको. "लोकांना शिस्तच नाही" हे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा लिहू नका.

गतिरोधकवाला, जुळे सोलापूर

आधी वेग मोजा, मग मागणी करा. टेपनं ५० मीटर मोजायचे आणि दोन्ही टोकांना विजेचा खांब किंवा फाटक अशी खूण धरायची. खडूची रेघ चाकांखाली तासाभरात पुसते. मोबाइलवरचं स्टॉपवॉच पुरतं. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किमी, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३ सेकंद म्हणजे ६०. निदान शंभर गाड्या मोजा, सकाळी शाळेच्या वेळी आणि रात्री नऊनंतर वेगवेगळ्या. वही घेऊन रस्त्याकडेला उभं राहिलं की गाड्या आपोआप हळू होतात, म्हणून ओट्यावर बसून मोजा.

आता गतिरोधक. आपल्याकडचा हौशी गतिरोधक म्हणजे उरलेल्या काँक्रीटची फूटभर रुंद, अर्धा फूट उंच वरवंट्यासारखी वळकटी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ च्या आसपास गाडी सुखानं जाते. अरुंद वळकटीवर दुचाकीचं आधी पुढचं, मग मागचं चाक उडतं आणि मागे एका बाजूला बसलेली बाई पडते. उंचवट्याच्या ४० मीटर आधी सूचना फलक आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे हवेतच. पाणी जायला कडेला फट ठेवावी लागते, पण दुचाक्या नेमक्या त्याच फटीतून पळतात. तिथं एक खांब रोवा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागू नका, मिळणार नाही.

आवक-जावक

वर सांगितलेल्या वेगमोजणीचा तक्ता अर्जाला जोडाच, पण त्याआधी रस्ता कुणाचा ते विचारा. महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की महामार्ग प्राधिकरणाचा? चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज दोन महिन्यांनी "आमच्या अखत्यारीत नाही" असा शेरा घेऊन परत येतो. एका अर्जात एकच मागणी. खड्डा, दिवा, फेरीवाले, गतिरोधक असं सगळं एकत्र लिहिलं की कागद कुठल्याच विभागात थांबत नाही. हातानं काढलेला नकाशा, अंतरं मीटरमध्ये, प्रत वाहतूक शाखेला, आणि दोन्हीकडचा आवक क्रमांक.

ज्योतवाले मंडळ

नवरात्रात तुळजापूरहून ज्योत आणणाऱ्या पोरांसाठी. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी वाहतूक वळवतात. ज्योतीच्या रात्री तशी सोय गृहीत धरू नका. आपली रांग आपणच सांभाळायची.

पळणारे टेम्पोच्या पुढे, कधीही बाजूला नाहीत. टेम्पो आणि शेवटचा पळणारा यांत १५ मीटर तरी अंतर. चालक ताजा हवा, दिवसभर नाचलेला नको. टेम्पोच्या मागच्या फळीला फ्लेक्स बांधतात आणि तिथंच घोटाळा होतो, कारण टेल लॅम्प आणि इंडिकेटर त्याखाली झाकले जातात. फ्लेक्स दिव्यांच्या वर बांधा. बदलीची पोरं मागच्या फळीवर पाय सोडून बसतात ते बंद. ज्योत बदलताना टेम्पो डांबरावर थांबवू नका, पूर्ण कडेला उतरवा. जागा आधी दिवसा जाऊन ठरवा. भगवा टी-शर्ट दिवसा उठून दिसतो, रात्री काळाच. पाठीवर आणि दोन्ही घोट्यांवर रेडियमची पट्टी लावा. घोटा हलतो, त्यामुळे लांबून माणूस आहे हे लगेच कळतं. डीजेचा आवाज कमी ठेवा, मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

ऊसपट्टा

गाळप सुरू झालं की दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री सगळ्यात धोक्याचा. नियमाप्रमाणे रेडियमचा रंग पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. कारखाने पट्ट्या वाटतात, पोरं सांगाड्यावर चिकटवतात, आणि ऊस भरल्यावर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) लोंबून सगळं झाकून टाकतात. म्हणून भरून झाल्यावर मोळीच्या मागच्या टोकाला रेडियमचं कापड सुतळीनं बांधायचं, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. चिकटपट्टी धूळ पुसल्याशिवाय लावली तर तिसऱ्या खेपेला गळते. दिव्याची वायर जोडपिनीपाशी वळणावर ताणून तुटते. तिथं हातभर ढिली ठेवा. बैलाच्या टायरगाडीला दिवा नसतोच, तिथं साट्याच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मागे आणि जुवाच्या दोन्ही टोकांना पट्टी.

ट्रॉली बंद पडली की आजूबाजूला दगड मांडतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच. मग पहाटेचा दुचाकीवाला त्यावर. त्रिकोण किंवा लाल दिवा १०० मीटर मागे ठेवा: ताशी ८० नं येणारा एका सेकंदात २२ मीटर कापतो, ५० मीटरवर त्याला सव्वादोन सेकंदच मिळतात. आणि निघताना दगड उचला, मुकादमानं स्वतः बघावं.

अक्कलकोट रोड

कुंभारीकडच्या विडी कामगार वसाहतीसाठी फक्त मराठीत पत्रकं छापून उपयोग नाही. पूर्व भागात तेलुगू, पुढं कन्नड, मधे उर्दू. चार ओळी बोलून रेकॉर्ड करा आणि रिक्षाच्या भोंग्यावर लावा. विडीचा माल द्यायला जाणाऱ्या बायका घोळक्यानं रस्ता ओलांडतात. पहिली पार होते, मागची मध्येच अडकते. सगळ्यांनी एकदम, आडव्या ओळीत निघायचं, हे दोनदा करून दाखवलं की पुरतं. यंत्रमागाची पाळी सुटते तेव्हाही तसंच.

शाळेचं फाटक

नियमानुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्यात पालक असतात, त्यामुळे ठराव तिथूनच घ्या. लहान-मोठ्या वर्गांची सुट्टी दहा मिनिटांच्या फरकानं आणि पालकांच्या गाड्या फाटकापासून ५० मीटर लांब, एवढ्या दोन गोष्टींनी गर्दी बरीच कमी होते. दहावीतलं पोर स्कूटर घेऊन आलं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हे पालकसभेत कलम वाचून सांगा. उपदेशाला कोणी बधत नाही.

रंगारी

झेब्रा पट्टे स्वतः ऑइलपेंटनं मारू नका. पहिल्या पावसात ते साबणासारखे होतात, आणि उजेड परतवणारे काचेचे मणी नसल्यानं रात्री दिसतही नाहीत. रस्त्याचा थर्मोप्लास्टिक रंग गरम करून ओततात, ते काम कंत्राटदाराचंच. कोपऱ्यावरचा बहिर्गोल आरसा पूर्व-पश्चिम तोंडाचा असेल तर सकाळ-संध्याकाळ सूर्यच दाखवतो. शिवाय त्यात गाडी आहे त्याहून लांब वाटते, तेव्हा आरसा पाहूनही थांबायचंच.

१०८

अपघात पाहिलात तर १०८ ला "पुणे रोडला" एवढं सांगू नका. किलोमीटरचा दगड बघून आकडा, कोणत्या दिशेची बाजू आणि जवळचं गाव सांगा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. मदत करणाऱ्याला कलम १३४ अ चं संरक्षण आहे. नाव सांगणं बंधनकारक नाही. मे २०२५ पासूनच्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, ते नातेवाइकांना दवाखान्याच्या दारातच सांगा. आणि हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडला असेल तरच, तेही दोघांनी: एकानं मान-जबडा धरायचा, दुसऱ्यानं काढायचं.