मदत हवी आहे : 'टी. व्ही. एफ. १८६२' अशी अक्षरे असलेला जुना जर्मन मिन्याचा बिल्ला कोणत्या गावचा असावा?

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे श्टुटगार्टमध्ये राहतो. आमच्या शेजारच्या आजी मार्च महिन्यात वृद्धाश्रमात राहायला गेल्या, आणि घर आवरताना त्यांनी कापसात गुंडाळलेला एक लहानसा बिल्ला माझ्या हातावर ठेवला. "हा माझ्या वडिलांचा. कुठला ते मला कोणी सांगितले नाही, तू शोधून काढ," एवढेच त्या म्हणाल्या.

आजींचा जन्म १९४० साली ब्रेस्लाउमध्ये, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्स्वाफ शहरात झाला. १९४५ च्या जानेवारीत आईचे बोट धरून त्यांनी ते शहर सोडले, वडील युद्धावरून परतले नाहीत, आणि घरची बहुतेक कागदपत्रे त्या पळापळीत गेली. वडिलांचे मूळ गाव ब्रेस्लाउ नव्हते; सुट्टीत तिकडे जाताना क्योनिग्सत्सेल्ट स्थानकावर गाडी बदलावी लागे, असे आई सांगत असे. वडिलांचे जन्मसाल १९०९ हे एका छायाचित्राच्या मागे लिहिलेले आहे. यापलीकडे घरची माहिती नाही.

आता बिल्ल्याविषयी. तो गोल असून त्याचा व्यास २३ मिलिमीटर आहे, आणि कोटाच्या कॉलरला लावण्यासाठी मागे लांब सरळ सुई डाख देऊन बसवलेली आहे. मधल्या पांढऱ्या भागात चार लाल रोमन 'एफ' एकमेकांना पाठ लावून क्रूसासारखे मांडले आहेत. भोवतीच्या गडद निळ्या कडेवर वर 'टी. व्ही. एफ.' आणि खाली '१८६२' अशी धातूची अक्षरे आहेत. त्याबाहेर ओकच्या पानांची चंदेरी माळ असून तिच्या तळाशी '२५' हा आकडा आहे. मिना भट्टीत भाजलेला, म्हणजे खऱ्या काचेचा आहे: भिंगातून पाहिले की 'टी'च्या अगदी आधी उडालेल्या टवक्याची कड फुटलेल्या बांगडीसारखी शिंपल्याच्या आकारात दिसते, आणि तिथे खालचा तांबूस धातू उघडा पडला आहे.

चार 'एफ'चा अर्थ मला लागला आहे. फ्रिश, फ्रोम, फ्र्योलिश, फ्राय, म्हणजे ताजेतवाने, सश्रद्ध, आनंदी आणि मुक्त, हे जर्मन व्यायामसंघांचे ब्रीद. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहायडे येथे जे खुले व्यायाममैदान सुरू केले, त्यातून ही चळवळ वाढली. चार 'एफ'चा हा क्रूस डार्मश्टाटचे ताम्रपट कोरणारे हाइनरिश फेल्झिंग यांनी काढला आणि १८४६ च्या हाइलब्रॉन येथील मेळाव्यापासून तो रूढ झाला. तेव्हा 'टी. व्ही.' म्हणजे टुर्नफेराइन, व्यायामसंघ, याविषयी मला शंका नाही. १८६२ हे स्थापनेचे वर्ष असणार. १८४८-४९ च्या क्रांतीनंतर यांतले बरेच संघ बंद पाडले गेले होते, आणि १८६० च्या कोबुर्ग येथील पहिल्या अखिल जर्मन मेळाव्यानंतर गावोगावी नवे संघ निघाले, त्या लाटेत हे साल नेमके बसते.

अडले आहे ते शेवटच्या 'एफ'पाशी. तो गावाच्या नावाचा असावा.

इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने बिल्ला उलटा करून पाहिला आणि तो ब्राइसगाउमधल्या फ्रायबुर्गचा असल्याचे क्षणात सांगून टाकले. त्याचा आधार एवढाच, की मागे 'गेझेट्सलिश गेश्युत्स्ट', म्हणजे कायद्याने संरक्षित, या शब्दांच्या संक्षेपाशेजारी घासलेल्या अक्षरांत पफॉर्त्सहाइम हे नाव वाचता येते, आणि पफॉर्त्सहाइम व फ्रायबुर्ग ही दोन्ही शहरे बाडेनमधली. मला हे पटत नाही. पफॉर्त्सहाइममध्ये दागिने घडवण्याचा उद्योग १७६७ पासून आहे आणि तिथला माल दूरदूर जात असे. बिल्ला कुठे घडला आणि कोणासाठी घडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

घरची हकीकत पाहता मी सायलेशियातली, म्हणजे ब्रेस्लाउ ज्या प्रांतात होते तिथली, गावे धुंडाळली. 'एफ'ने सुरू होणारी चार नावे पुढे आली: फ्रायबुर्ग (आजचे श्विएबोद्झित्से), फ्रांकेनश्टाइन (आजचे झोंब्कोवित्से श्लोंस्किये), फ्रायश्टाट आणि फेस्टेनबेर्ग. त्यांतले फ्रायबुर्ग आपल्यालाही अगदीच परके नाही, कारण आपल्याकडच्या काही जुन्या घरांच्या भिंतीवर अजून टोले देणारी गुस्टाफ बेकर घड्याळे याच गावच्या कारखान्यातली. मात्र फ्रायबुर्ग हे ब्रेस्लाउहून थेट जाणाऱ्या लोहमार्गावर होते, तिथे जायला क्योनिग्सत्सेल्टला उतरण्याचे कारण नव्हते. उलट श्वाइडनित्स आणि राइखेनबाखवरून फ्रांकेनश्टाइनकडे जाणारा फाटा तिथूनच निघत असे. म्हणून माझा कल फ्रांकेनश्टाइनकडे आहे, पण आईच्या तोंडून ऐकलेल्या एका स्थानकाच्या नावावर एवढी इमारत उभी करणे बरोबर नाही, हेही मला कळते.

आणखी एक गोष्ट मला खटकते. माळेतला '२५' पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचा असेल, तर १९०९ साली जन्मलेल्या माणसाला तो १९३४ च्या आधी मिळणे शक्यच नाही. १९३३ मध्ये सुरू झालेल्या नाझी राजवटीत सर्व क्रीडासंघ एका सरकारी संघटनेखाली आणले गेले, आणि व्यायामसंघांची जुनी मध्यवर्ती संघटना, दॉयचे टुर्नरशाफ्ट, १९३६ मध्ये विसर्जित झाली. या बिल्ल्यावर गरुड नाही, स्वस्तिक नाही. माझ्या मते तो १९३३ च्या आधीचा आहे, आणि म्हणून तो आजींच्या वडिलांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला असावा. हे मी आजींना अजून सांगितलेले नाही, कारण खात्री नसताना त्यांच्या एकुलत्या आठवणीला धक्का लावणे मला योग्य वाटत नाही.

जाणकारांना माझी विनंती अशी. जर्मनीत किंवा पोलंडमध्ये राहणाऱ्या कोणी सायलेशियातल्या व्यायामसंघांच्या सभासदयाद्या किंवा वर्धापनदिनाच्या पुस्तिका पाहिल्या असतील, तर त्या कोणत्या संग्रहात मिळतात ते कृपया कळवावे. बिल्ले जमवणाऱ्यांनी हे सांगावे, की निळी कड आणि चंदेरी माळ हा नमुना सर्व संघांसाठी एकच होता, की प्रत्येक गाव आपला वेगळा नमुना करून घेत असे. दुकानदाराने मला तो पॉलिशने चकचकीत करण्याचा सल्ला दिला होता. मी तो मानलेला नाही आणि चिंच-मिठाचा हातही लावलेला नाही, कारण मागची अक्षरे आधीच निम्मी झिजली आहेत.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची विचारणा त्या टवक्याविषयी आहे. तो 'टी'च्या डावीकडे, बरोबर एका अक्षराच्या रुंदीइतका आहे. तिथे पूर्वी 'एम' असेल, तर हा पुरुष व्यायामसंघ, म्हणजे मेनरटुर्नफेराइन ठरतो, आणि एकाच गावात दोन संघ असतील तर शोधाची दिशाच बदलते. कोणाकडे असाच, पण न फुटलेला बिल्ला किंवा त्याचे छायाचित्र असेल, तर कृपया 'टी'च्या आधीची जागा भिंगातून पाहून सांगावे.