कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी घरी शिजवल्याने खरोखर बचत होते का? हिशेब तपासण्यासाठी मदत हवी आहे

आमच्याकडे 12 किलो वजनाचा कुत्रा आणि 4 किलोची मांजर आहे. दोघेही प्रौढ असून दोघांचीही नसबंदी झाली आहे. पाकीटबंद खाद्याचा खर्च कमी करावा, एवढ्याच हेतूने मी गेल्या महिन्यात एकाच पातेल्यात दोघांसाठी कोंबडीचे मांस, भात व गाजर शिजवू लागलो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट विषारी असतात आणि शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात, एवढी माहिती मला होती, आणि तेवढ्यावर भागेल असे वाटले होते.

पहिल्या दिवशी कुत्र्याने भांडे चाटून लख्ख केले. मांजरीने मात्र एकदा वास घेतला आणि घाण झाकावी तशी भांड्याभोवतीची फरशी पंजाने खरवडत राहिली. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला जुलाब झाले. चूक माझीच होती, कारण खाण्यातील बदल 7 ते 10 दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत करायचा असतो. "भूक लागली की मांजर आपोआप खाईल" असा सल्ला एका स्नेह्यांनी दिला होता, तो मी मानला नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते.

नंतर वाचताना लक्षात आले की दोघांचे पातेले एक असणे हीच मूळ चूक होती. मांजरीला टॉरीन हे द्रव्य खाण्यातूनच पुरेसे मिळावे लागते. ते कमी पडल्यास हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हा संबंध 1987 साली उजेडात आला. टॉरीन पाण्यात उतरते, आणि मी तर मांस उकडून वरचे पाणी मोरीत ओतत होतो! शिवाय गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून मांजरीचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते कलेजीतून मिळते, पण कलेजी सतत जास्त दिल्यास त्याच जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन हाडांना अपाय होतो.

कुत्र्याच्या बाबतीत माझी अडचण कॅल्शियमची आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य असते. आहारात मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके तरी लागते. अंड्याच्या कवचाच्या 1 ग्रॅम पुडीत साधारण 0.38 ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून कवचे धुऊन, वाळवून, पिठासारखी बारीक दळून ठेवली आहेत. परंतु तांबे, जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वे यांचे काय? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी 95 टक्क्यांत एक तरी आवश्यक घटक कमी आढळला. माझी पाककृती उरलेल्या पाच टक्क्यांत असेल, असा माझा भ्रम नाही.

प्रचलित सूत्राने कुत्र्याला दिवसाला सुमारे 720 आणि मांजरीला सुमारे 240 किलोकॅलरी लागतात. मी बचतीचा पहिला हिशेब केला तेव्हा केवळ मांस आणि तांदूळ धरले होते. त्यात पूरक पूड (कमी पडणारी जीवनसत्त्वे व खनिजे भरून काढणारी), इंधन आणि पशुआहारतज्ज्ञांचे शुल्क मिळवले की मांजरीच्या बाबतीत बचत जवळजवळ उरतच नाही, कारण तिच्या पातेल्यात स्वस्त भाताला फारसा वाव नाही. म्हणून सध्या तिला पुन्हा तिच्या जुन्या खाद्यावर आणले आहे.

ज्यांनी हे वर्षभर तरी केले आहे, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. कुत्र्याला अर्धे संतुलित कोरडे खाद्य आणि अर्धे घरचे अन्न दिल्यास पूरक पूड कोणत्या प्रमाणात घालावी लागते, की वरचे खाणे एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे? आणि आठवड्याचे अन्न एकदाच शिजवून गोठवणाऱ्यांनी पूरक पूड शिजवताना घातली, की वाढताना? पशुवैद्यांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. त्यांच्यासमोर ठेवण्यासाठी आपली प्रमाणे ग्रॅममध्ये मिळाली तर फार उपयोग होईल.