‘व्हॅक्सिन’ आणि ‘वत्स’ यांचे काही नाते आहे काय?

प्रश्न:
‘व्हॅक्सिन’ हा शब्द लॅटिनमधील गाईच्या नावावरून आला, असे वाचनात आले. तसे असेल, तर त्याचे मूळ संस्कृत ‘वत्स’मध्ये असावे काय? जाणकारांनी खुलासा करावा, कारण घरी मी तसे ठासून सांगून बसलो आहे.

प्रतिसाद १:
गाईपर्यंत आपले बरोबर आहे, गडबड वासरापाशी झाली. लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय आणि ‘वाक्किनुस’ म्हणजे गाईचा. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर गाईपासून उठलेल्या फोडांतील द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला, आणि १७९८ साली छापलेल्या पुस्तकात त्या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, म्हणजे ‘गाईच्या देवी’, असे नाव दिले. संस्कृत ‘वत्स’चा लॅटिनमधील भाऊबंद ‘विटुलुस’ (वासरू) हा आहे, तर ‘गो’चा ‘बोस’. ‘वाक्का’शी ‘वत्स’चे ध्वनी जुळत नाहीत.

प्रतिसाद २:
पुरवणी जोडतो. मुळात ‘व्हॅक्सिनी’ हे विशेषण होते. पुढे ‘देवी’ गळून पडली आणि ‘गाईची’ एवढेच उरले. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत लुई पाश्चर याने जेन्नरच्या सन्मानार्थ हा शब्द इतर रोगांवरील लशींनाही लावावा असे सुचवले, म्हणून गाईचा काडीचाही संबंध नसलेली कोविडची लसही आज ‘व्हॅक्सिन’च ठरते. गंमत अशी की, देवीच्या लशीतला विषाणू जनुकीय तपासणीत घोड्यांच्या देवीला अधिक जवळचा निघाला!

प्रतिसाद ३:
मराठीने मात्र गाय घेतली नाही. जखमेतून झिरपणाऱ्या पातळ, चिकट द्रवाला आपण ‘लस’ म्हणतो, आणि त्या काळी टोचले जाई तेही नेमके तसेच काहीतरी, एकाच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली, ती बगदाद-बसऱ्याहून अशीच माणसागणिक पुढे सरकत आली होती. माझी आजी दंडावरचा रुपयाएवढा खळगा दाखवून ‘इथे माझ्या देवी काढल्या’ असे म्हणे. तिच्या बोलण्यात ना गाय होती, ना लस.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ‘वत्स’ मागे घेतो. घरी आता ‘विटुलुस’ सांगावे लागेल.