मदत हवी आहे: "प्रादेशिक सहकार्य" या विषयावर बाबांना दहा मिनिटं बोलायचंय, काय बोलावं?

दर्याकाठची

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही वेसाव्याचे, म्हणजे तुमच्या वर्सोव्याचे. घरची एक डोलीची (डोल जाळ्याने मासे धरायची) बोट आहे, बाबा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कमिटीवर आहेत. मागच्या आठवड्यात सोसायटीला एका कार्यशाळेचं पत्र आलं, विषय जसाच्या तसा टाईप करते: "आपत्ती जोखीम न्यूनीकरण व हवामान बदल अनुकूलन यांसाठी प्रादेशिक सहकार्य : किनारी समुदायांचा दृष्टिकोन". बाबांनी चष्मा लावून तीनदा वाचलं आणि मला विचारलं, "हे मराठीच आहे ना गो?"

कमिटीने एकमताने ठरवलं की बाबांनीच जायचं (बाकीचे सगळे त्या दिवशी नेमके बिझी निघाले) आणि भाषण लिहून द्यायचं काम माझ्यावर आलं कारण मी बीकॉम आहे. बीकॉमचा आणि याचा काय संबंध ते विचारू नका, घरात विचारून बघितलं, उपयोग झाला नाही.

अडचण अशी आहे की प्रादेशिक म्हणजे नक्की कोण? कोकण? महाराष्ट्र-गुजरात-गोवा? की देशादेशांचं काही? सोबतच्या कागदात सार्क, बिमस्टेक, सेंडाई असलं काय काय लिहिलंय, ते वाचून बाबा म्हणतात त्या लोकांचा आणि आपल्या बोटीचा काय संबंध, मी आपलं तौक्तेचं सांगतो आणि खाली बसतो.

तौक्तेचं म्हणजे काय ते सांगते. तौक्ते चक्रीवादळ, मे २०२१, १७ तारीख. इशारा आला होता आणि वेळेवर आला होता, खोटं कशाला बोला, चार-पाच दिवस आधीपासून बोटी परत बोलवत होते, आमची पण आली, खाडीत नांगरून ठेवली, माणसं सगळी घरी. पण खाडीत गाळ एवढा की ओहोटीला बोट बसते आणि भरतीला वारा लागला की आडोसा कसलाच नाही, त्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा मोजला होता म्हणे, दुपारी आमचा दोर तुटला, बोट शेजारच्या बोटीवर जाऊन आपटली, फळ्या फुटल्या, इंजिनात पाणी. दोन आठवड्यांनी पावसाळ्याची मासेमारी बंदी लागणारच होती, १ जूनला तशाही बोटी वर ओढायच्या होत्या, तेवढ्यासाठी गेलं सगळं. पंचनामा झाला, पैसे आले ते किती महिन्यांनी आणि किती ते इथे लिहीत नाही, आई वाचते माझं लिखाण आणि तिचं बीपी वाढतं.

तर प्रश्न असा की हे सगळं त्या "प्रादेशिक सहकार्यात" बसतं का, आणि बसत असेल तर दहा मिनिटांत कसं बसवायचं? शनिवारी कार्यशाळा आहे. प्लीज सोप्या मराठीत सांगा.

ठाकुर्ली_लोकल

दहा मिनिटांचं टेन्शन घेऊ नका ताई, त्यातली चार मिनिटं शाल-श्रीफळात जातात, दोन मिनिटं माईक चालू होत नाही, उरलेल्या चारात तौक्ते आरामात बसेल. बाकी जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाऱ्याचा_हिशोब

वरच्यांकडे लक्ष देऊ नका. मी हवामानाच्या क्षेत्रात बरीच वर्षं नोकरी केली, आता रिटायर होऊन बोरिवलीत नातवंडं सांभाळतोय, तेव्हा वेळ भरपूर आहे.

बाबांना म्हणावं संबंध आहे, आणि तो वादळाच्या नावातच आहे. तौक्ते हे नाव म्यानमारने दिलेलं, निसर्ग बांगलादेशने, २००९ चं फयान परत म्यानमारचं, ओखी आणि बिपरजॉय बांगलादेशची. बारसं ढाक्याला आणि वरात आपल्या दारात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून १३ देशांचा एक गट आहे, त्यात भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव, थायलंड, पाकिस्तान, ओमान, इराण, येमेन, कतार, सौदी आणि अमिराती आहेत. २०२० साली प्रत्येकाने तेरा-तेरा नावं दिली, १६९ नावांची यादी झाली, तिच्यातलं पहिलंच नाव निसर्ग, आणि ते ३ जून २०२० ला आपल्या रायगडला धडकलं.

नावं ही वरवरची गंमत झाली, खरं काम त्याच्या खाली आहे. या सगळ्या देशांसाठी वादळाचा अंदाज द्यायचं केंद्र दिल्लीला आपल्या हवामान खात्यात आहे, म्हणजे वादळ ओमानला जाणार असलं तरी बुलेटिन इथूनच निघतं, आणि अंदाज बांधायला त्या देशांची निरीक्षणं आपल्याला लागतात. समुद्रावर माणूस वस्ती करत नाही हो, तिथे वारा किती, दाब किती हे कळायला ज्याच्या त्याच्या किनाऱ्यावरचा, बेटावरचा आकडा मिळावा लागतो. बाबांच्या मोबाईलवर चार दिवस आधी मेसेज आला तो असा फिरून आलेला असतो.

आता सार्कचं, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश वगैरे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेचं. सार्कची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली ती शेवटची, पुढची २०१६ ला इस्लामाबादला व्हायची होती ती झालीच नाही. आपत्तीत एकमेकांना पटकन मदत पाठवायचा करार २०११ ला मालदीवमध्ये सह्या करून ठेवलाय, आपत्ती व्यवस्थापनाचं केंद्र गांधीनगरला आहे, पण नेतेच एका टेबलावर बसत नाहीत तिथे करार किती पळणार. म्हणून मग बिमस्टेककडे जास्त लक्ष, त्यात पाकिस्तान नाही, बंगालच्या उपसागराभोवतीचे देश आहेत, सोबत नेपाळ-भूतान. पण गंमत बघा, बिमस्टेक आपल्या बाजूच्या समुद्राचं नाहीच! अरबी समुद्राला असं स्वतःचं व्यासपीठ नाही, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलंय की १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. हा मुद्दा बाबांनी जरूर मांडावा, टेबलावरचे लोक मान वर करतील.

सेंडाई म्हणजे जपानमधलं शहर, २०१५ ला तिथे जगातल्या देशांनी आपत्तीचा धोका कमी करायचा २०३० पर्यंतचा आराखडा मान्य केला. त्यावर एक मिनिटही घालवू नका, तुमच्या आधीचे तिघं तेच बोलणार आहेत.

दर्याकाठची

काका खूप आभार!! बाबांना वाचून दाखवलं, वरातीवर जोरात हसले. मग गप्प झाले आणि म्हणाले ओखीच्या वेळचं विचार त्यांना, तेव्हा देवगडला केरळच्या बोटी आल्या होत्या ना?

डहाणूचा_बारक्या

आल्या होत्या तर. डिसेंबर २०१७. केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी आणि साडेनऊशेच्या वर खलाशी वादळाने ढकलत आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले, देवगडला. भाषा कळत नव्हती, पण जेवण, डिझेल, घरी फोन, सगळं बघितलं गेलं. प्रादेशिक सहकार्य म्हणजे हेच की, त्याला सेमिनार लागत नाही.

पण दुसरी बाजूपण सांगा तुमच्या बाबांना. आमच्याकडची डहाणू-तलासरीची पोरं गुजरातच्या बोटींवर जातात, ओखा-पोरबंदरहून. मशीन बंद पडलं, वाऱ्याने बोट वाहवत गेली, भारत-पाकिस्तानची समुद्रातली रेषा ओलांडली की सरळ कराचीची जेल. पाण्यावर रेघ मारलेली दिसते का कोणाला? तिकडचे मच्छीमार इकडे आले की त्यांचंपण तेच होतं. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात मच्छीमारांचा वेगळा आकडा असतो, आमच्याकडे घरोघरी त्या दोन तारखा पाठ आहेत. वादळाचा अंदाज दोघांना एकच चालतो, २०२३ ला बिपरजॉय आलं तेव्हा कच्छात आणि सिंधमध्ये दोन्हीकडे हजारो लोक आधीच हलवले होते. मग वादळात वाहून आलेल्या माणसाला कैदी न धरता परत पाठवायचं एवढं तरी ठरवा ना. बाबांना बोलायला जमलं तर बघा, नाही जमलं तरी राग नाही, पॉलिटिकल होतं ते मला कळतं.

मुलुंडातली_सांगलीकरीण

मी समुद्राची नाही तर कृष्णेची. माहेर सांगली. आमच्याकडे प्रादेशिक म्हणजे पाकिस्तान-बिकिस्तान काही नाही, कर्नाटक. ऑगस्ट २०१९ ला आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं आणि टीव्हीवर दोन राज्यांचं भांडण, अलमट्टीतून किती सोडलं, कधी सोडलं, कोयनेतून किती. २०२१ ला परत पूर. दोष कोणाचा यावर अजून वाद चालू आहेत, त्यात मी पडत नाही, पण वरच्या धरणाचा आकडा खालच्या गावाला वेळेत कळायला पाहिजे यात तर वाद नाही ना? एवढंच सांगायचं की ताई, प्रादेशिक हा शब्द ऐकून लगेच परदेशात जाऊ नका. तुमचा खाडीतला गाळ सुद्धा वरून कुठूनतरीच येतो.

नदीपलीकडचा

कामानिमित्त दोन वर्षं बांगलादेशात होतो (कपड्यांच्या धंद्यात, एनजीओवाला नाही). एक गोष्ट तिथली सांगतो, कामाला येईल.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे भोला वादळ आलं, किमान तीन लाख माणसं गेली. इशारा नव्हता असं नाही, पण तो गावापर्यंत पोचला नाही आणि पोचला तिथे लोकांना जायला जागा नव्हती. १९७२ ला त्यांनी स्वयंसेवकांची फौज उभारायला घेतली, आता ७६ हजार आहेत, त्यातल्या निम्म्या बायका. सायकलवर भोंगा घेऊन गल्लीगल्लीत ओरडत जातात, बावटे लावतात, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात नेतात, काही निवाऱ्यांत गुरांना वेगळी जागा असते कारण माणूस गाय सोडून येत नाही. २०२० ला अम्फान आलं तेव्हा तिथले मृत्यू दोन आकडी होते. तीन लाखांवरून दोन आकडी, आणि तो देश काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही.

आता तुमच्या पोस्टमध्ये बघा. भोलाची माणसं गाय सोडत नव्हती तसे तुमचे बाबा बोट सोडत नाहीत. त्यांनी गुरांची सोय केली, आपण बोटींची केली नाही. माझ्या मते भाषण हेच आहे, बाकी सगळं त्याच्या मागे-पुढे लावा.

दर्याकाठची

हे वाचताना अंगावर काटा आला. बाबांना फोनवर ऐकवलं (ते बंदरावर होते, जाळी शिवायला), पलीकडे दोन मिनिटं काही आवाज नाही, मग म्हणाले, "लिही ते. तसंच लिही."

कालरात्री बसून लिहिलं, सुरुवात टाकते, प्लीज झोडा:

"माझ्या बोटीचं नुकसान ज्या वादळाने केलं त्याचं नाव म्यानमारने ठेवलं, त्याचा अंदाज दिल्लीने दिला आणि तो १३ देशांना कळवला. एवढी सगळी माणसं माझ्यासाठी जागी होती. माझा जीव वाचला तो त्यांच्यामुळे. पण बोट ठेवायला माझ्या बंदरावर जागा नव्हती. माणूस वाचला आणि त्याचं पोट बुडालं. आधी तीन नंबरचा बावटा बघून आम्ही घरी यायचो, आता मोबाईल बघून येतो, पण बोट तिथेच नांगरतो जिथे आजोबा नांगरायचे, आणि तिथे आता गाळ आहे."

पुढे तीन मागण्या: गाळ काढणे आणि लाटा अडवणारा बंधारा, प्रत्येक कोळीवाड्यात बायका-पोरांचं इशारा पथक, आणि लांब जाणाऱ्या बोटींना उपग्रहावरचा मेसेज घेणारं यंत्र. ते यंत्र खरंच असतं का की मी कुठेतरी चुकीचं वाचलं?

वाऱ्याचा_हिशोब

असतं. जेमिनी नाव त्याचं, २०१९ ला आलं, हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राची माहिती आणि इशारे देणाऱ्या सरकारी संस्थेने काढलं. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते, त्यापुढे हे उपग्रहावरून मेसेज घेतं आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतं. पण त्यात मेसेज फक्त येतो, बोटीवरून पाठवता येत नाही, म्हणून मागणी लिहिताना "दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं" हे शब्द घाला.

त्याच इन्कॉइसमध्ये त्सुनामीचं केंद्र आहे, २००४ नंतर उभं केलेलं, हिंदी महासागरातल्या देशांना भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया असे तिघं मिळून इशारे देतात. आपल्याकडे कोणाच्या मनातही नसतं पण नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आताच्या पाकिस्तान-इराणच्या बाजूला, भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या, इथेही माणसं गेली. तसं पुन्हा झालं तर पहिला आकडा त्यांच्याच किनाऱ्यावर उमटणार. डहाणूकरांचा मुद्दा घ्यायचा धीर होत नसेल तर हा घ्या, तेच म्हणणं आहे पण कोणी पॉलिटिकल म्हणणार नाही.

मसुदा चांगलाय. "माणूस वाचला आणि त्याचं पोट बुडालं" याला हात लावू नका. फक्त शीर्षकात "न्यूनीकरण" ठेवलंय ते काढा, बाबा स्टेजवर अडखळतील.

ठाकुर्ली_लोकल

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. एक सिरीयस सल्ला, कागद मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, पॉइंट २० तरी. आणि फुटलेल्या बोटीचा फोटो असेल तर तो प्रोजेक्टरवर आधी लावायला सांगा, मग बाबा काहीही बोलले तरी लोक तिकडेच बघतील.

दर्याकाठची

न्यूनीकरण काढलं 😄 मकरान घातलं, आणि डहाणूचे दादा, तुमचं एक वाक्य बाबांनी स्वतःच्या हाताने कागदाच्या शेवटी लिहिलंय, पाण्यावर रेघ दिसत नाही ते. म्हणाले बघू, हॉलमध्ये कोण बसलंय ते पाहून ठरवतो.

फोटो आहे, पण आई म्हणते तो नको, रंग मारलेला नवीन फोटो लाव, लोक काय म्हणतील. हे भांडण घरात चालू आहे. शनिवारी रात्री येऊन काय झालं ते सांगते.