लोणारचं गाव मुलांना कसं दाखवू?

शाळामास्तर: डिसेंबरात सातवीची मुलं घेऊन लोणारला येतोय. उल्का पडून झालेलं विवर, त्यातलं सरोवर, गुलाबी पाणी हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मला काठावरचं गाव दाखवायचंय. लोक इथे कशाच्या आधारावर राहिले? एका दिवसात काय काय होईल?

धारकर: मास्तर, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. बहुतेक गाड्या काठावर थांबतात, फोटो काढून निघून जातात. गाव त्यांच्या पाठीमागेच राहतं.

सकाळी आधी धारेवर या. गोमुखातून गोड पाणी बारमाही पडतं आणि ओघळीने खाली सरोवरात जातं. खालचं पाणी इतकं खारं की तोंडात धरवत नाही, वर मात्र लोक अंघोळी करत आले. माझी आजी धारेवर न्हाल्याशिवाय खाली सरोवराकाठच्या कमळजा देवीला उतरायची नाही. ओलं लुगडं पिळून खांद्यावर टाकायची नि तशीच पायवाट धरायची. नवरात्रात कमळजा मातेची यात्रा भरते, तेव्हा ती वाट माणसांनी भरून जाते.

मुलांना खाराची गोष्ट नक्की सांगा, खरा इतिहास तिथे आहे. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथात लोणारचं नाव येतं ते काच आणि साबणाला लागणाऱ्या जिनसांमुळे, सरकारला मिळणाऱ्या महसुलामुळे. उन्हाळ्यात पाणी हटलं की तळाशी खार धरायचा, तो गोळा व्हायचा. त्याच्या प्रतींना नावं होती: डल्ला, पापडी, भुसकी. उल्केचा शोध कालपरवाचा, गाव खाराला कितीतरी आधीपासून ओळखतं.

मग दैत्यसूदन मंदिर. ते भर वस्तीत आहे. विष्णूने लवणासुराला त्याच्या बिळात मारलं, ते बीळ म्हणजे हे सरोवर. गावाने खाऱ्या पाण्याचा अर्थ असा लावला होता. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम घाईत बघू नका, तास काढून ठेवा.

मेहकरवाली: दादा, सासू-सुनेची विहीर राहिली की! कमळजेच्या देवळाजवळ, एकीकडचं पाणी खारं, एकीकडचं गोड. सरोवराचं पाणी वाढलं की ती बुडते, त्यामुळे आधी चौकशी करा.

शाळामास्तर: दोघांचे आभार. खाली उतरताना मुलांना काय बजावू? आणि गुलाबी रंग आता दिसेल का?

धारकर: तो रंग जून २०२० चा, पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले म्हणून. एरवी पाणी हिरवट असतं. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. आत अभयारण्य आहे, दगड खिशात घालू देऊ नका, प्लास्टिक खाली नेऊच नका. आणि मुलांना दुपारी उतरवू नका, चढण दमवते. सकाळी धार, लगेच कमळजा, वर येऊन जेवण, मग दैत्यसूदन. ऊन उतरलं की देवळाच्या भिंती छान उजळतात.

शाळामास्तर: ठरलं. खाराच्या प्रतींची नावं उद्याच फळ्यावर लिहितो.