पासवर्ड बदलला, ओटीपीही चालू आहे, तरी आमच्या नावाने मेल जात आहेत

प्रश्न (कर्वे रस्ता, पुणे)

नमस्कार. आमचे लेखापरीक्षणाचे छोटे कार्यालय आहे. एका जुन्या क्लायंटच्या खऱ्या ईमेल खात्यावरून आमच्या सहकारी बाईंना जीएसटी नोटिशीचा मेल आला. दुवा उघडल्यावर मागे धूसर पीडीएफ आणि पुढे लॉग-इनची चौकट दिसली, आणि चौकटीत त्यांचा ईमेल पत्ता आधीच भरलेला होता. त्यांनी पासवर्ड आणि ओटीपी दिला, तशी नेहमीची मेलपेटीच उघडली, त्यामुळे कुणालाही शंका आली नाही. फी भरण्याचे बँक खाते बदलल्याचा तुमचा मेल खरा आहे का, असे दुसऱ्या एका क्लायंटने फोनवर विचारले तेव्हा प्रकार उघडकीला आला. आम्ही पासवर्ड बदलला. अँटिव्हायरसला काही सापडले नाही. तरीही क्लायंटांची उत्तरे इनबॉक्समध्ये दिसत नाहीत. ओटीपी असताना हे कसे घडले?

उत्तर (हिंजवडी)

मी माहिती सुरक्षेचे काम करतो. आपण वर्णन केलेले पान केवळ हुबेहूब नक्कल नसावे. ते मध्यस्थासारखे बसून आपण भरलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी खऱ्या सेवेकडे पोहोचवत असावे, म्हणूनच ओटीपी खरा आला आणि मेलपेटीही खरी उघडली. लॉग-इन यशस्वी झाल्यावर सेवा ब्राउझरला जी सेशन कुकी, म्हणजे ‘हा माणूस लॉग-इन झालेला आहे’ अशी खूण, देते ती वाटेतच चोरली जाते, आणि तिच्या जोरावर चोर पासवर्ड किंवा ओटीपी न देता आत राहतो. एव्हिलजिंक्स हे याच पद्धतीचे साधन २०१७पासून सर्वांना उपलब्ध आहे. हे सारे ब्राउझरच्या पानावरच घडते, त्यामुळे अँटिव्हायरसला संगणकावर काही सापडणे अवघडच होते.

पासवर्ड बदलला म्हणजे उघडी सत्रे, म्हणजे आधीपासून चालू असलेली लॉग-इन, बंद होतातच असे नाही. म्हणून आधी सर्व उपकरणांवरून लॉग-आउट करा आणि मग पुन्हा नवा पासवर्ड ठेवा. त्यानंतर मेलपेटीचे नियम (आलेल्या मेलचे काय करायचे ते आपोआप ठरवणारी सेटिंग), मेल परस्पर पुढे पाठवण्याचा पत्ता, परवानगी दिलेली ॲप्स आणि नव्याने जोडलेला मोबाइल क्रमांक तपासा. उत्तरे दिसत नाहीत, यावरून मला नियमाचाच संशय येतो.

उत्तर (नारायण पेठ)

कर्मचाऱ्यांनी ॲड्रेस बारमधील कुलपाचे चिन्ह पाहण्याची सवय लावून घेतली, तर हे टळू शकेल असे वाटते.

उत्तर (हिंजवडी)

आपल्या मताचा आदर आहे, पण हा सल्ला आता सोडून द्यायला हवा. कुलूप एवढेच सांगते की मजकूर वाटेत सांकेतिक रूपात जातो; पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही, आणि त्या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र फसव्या संकेतस्थळालाही फुकट मिळते. क्रोमने तर २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकले. घाईच्या वेळी माणसाची नजर चुकणारच, म्हणून मी पासकीचा, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेल्या डिजिटल किल्लीचा, आग्रह धरतो. ती मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही, त्यामुळे मध्यस्थ पानाच्या हाती काही लागत नाही. तोवर पासवर्ड साठवून आपोआप भरणारा पासवर्ड मॅनेजर वापरा, आणि त्याने पासवर्ड आपणहून भरला नाही तर तिथेच थांबून पत्ता नीट वाचा.

प्रश्नकर्ता

नियम सापडला. ‘बँक’ किंवा ‘पेमेंट’ हे शब्द असलेला प्रत्येक मेल वाचलेला दाखवून ‘आरएसएस फीड्स’ या फोल्डरमध्ये टाकला जात होता. तिथे क्लायंटांची उत्तरे साठली आहेत. नियम लगेच काढून टाकू का?

उत्तर (शिवाजीनगर)

वकील या नात्याने सांगते, आधी नियमाचे आणि लॉग-इनच्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या, मूळ मेल हेडरसह (मेल कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदीसह) जतन करा आणि मगच नियम काढा. कुणी नव्या खात्यात पैसे भरले असतील तर त्यांना ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला सांगा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी कळवले तरच ती रोखता येण्याची शक्यता असते. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क (ओळखचोरी) आणि ६६ड (तोतयेगिरीने फसवणूक) ही कलमे इथे लागू होतात. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. व्यावसायिक भागीदारी संस्थाही त्या निर्देशाच्या कक्षेत येते, त्यामुळे आणखी विलंब करू नका. क्लायंटांना मात्र मेल न करता, आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकांवर स्वतः फोन करून कळवा.