एलईडीने ऊब मिळत नाही

खोक्यात एलईडी बल्ब लावूनही कोंबडीची पिल्लं का गारठतात, असं एकाने विचारलंय. एलईडीचा उजेड पडतो, ऊब जवळजवळ नाहीच. जुन्या पद्धतीचा पिवळा ६० वॅटचा किंवा इन्फ्रारेड (उष्णता देणारा) बल्ब घ्या. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी.

पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय. लांब जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. त्यांना सरकायला जागा हवी, म्हणून बल्ब एका बाजूलाच. आणि कृपा करून तो नुसत्या वायरवर लटकवू नका, साखळीने पक्का बांधा. तो पडला तर खालचं भाताचं तूस पेटू शकतं. रात्री लाईट जात असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून.